मोहरीचा दाणा सगळ्यात लहान नसतो

एका तरुण प्राध्यापिकेनं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "सर, सलाम. एका अनुदानित ख्रिस्ती महाविद्यालयात मी यंदा वनस्पतीशास्त्राची सहायक प्राध्यापक म्हणून रुजू झाले. मुलाखतीत विचारलं होतं, तुमचा विश्वास आणि तुमचा विषय यांची सांगड कशी घालाल? तेव्हा काहीबाही बोलून वेळ मारून नेली. आता तोच प्रश्न रोज मनात येतो. वर्गात ऐंशी मुलं, त्यात ख्रिस्ती चार-पाच. चर्चच्या मंडळीतले वडीलधारे विचारतात, 'उत्क्रांती शिकवतेस का गं?' विभागातले सहकारी म्हणतात, 'धर्म घरी ठेवून येत जा.' मी नेमकं काय करू?"

सलाम ताई. तुमचा प्रश्न वाचला आणि एकतीस वर्षांपूर्वीचा माझा पहिला जुलै डोळ्यांपुढे आला. मीही असाच एका ख्रिस्ती महाविद्यालयात नवा होतो. वडील अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात चर्चचे पाळक होते, आणि त्यांनी निघताना सांगितलं होतं, "तासाला उभा राहशील तेव्हा प्रभूला विसरू नकोस." मी त्याचा अर्थ असा घेतला की प्रत्येक लेक्चरमध्ये बायबलचं एक वचन आलं पाहिजे.

एफवायला बियांचा धडा होता. मी फळ्यावर बीजाची आकृती काढली आणि मोठ्या उत्साहानं सांगितलं की सर्व दाण्यांत लहान दाणा मोहरीचा, हे प्रभू येशूनं दोन हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय. दुसऱ्या दिवशी अकोले तालुक्यातल्या डोंगरातून आलेला एक मुलगा तास संपल्यावर टेबलाशी आला. खिशातून त्यानं कागदाची पुडी काढली. आत सीतेच्या वेणीचं वाळलेलं बोंड होतं. ते ऑर्किड त्याच्या गावच्या आंब्याच्या झाडांवर फुलतं. त्यानं वहीच्या काळ्या पुठ्ठ्यावर ते बोंड उकललं. पिवळसर भुकटी सांडली, पंख्याच्या वाऱ्यानं निम्मी उडूनही गेली. "सर, ह्या सगळ्या बिया आहेत. मोहरीपेक्षा लहान आहेत ना?"

होत्याच. ऑर्किडच्या एका बोंडात अशा हजारो, कधी लाखो बिया असतात, आणि त्या बघायला भिंग लागतं. मी एम.एस्सी. केलेला माणूस, मला हे ठाऊक होतं. तरी मी म्हणालो, "तो वेगळा विषय आहे," आणि हजेरीपट उचलून निघालो. त्या मुलानं वर्षभर पुन्हा मला एकही प्रश्न विचारला नाही. आजही ती गोष्ट सांगताना मला त्रास होतो.

त्या दिवशी मी दोघांवर अन्याय केला. एक माझ्या विषयावर, कारण समोर पुरावा असताना मी नजर वळवली. दुसरा प्रभूवर. गालीलातले शेतकरी हातानं जे दाणे पेरत त्यांत मोहरी बारीक. त्यांच्या बोलण्यातला दृष्टांत घेऊन येशू देवाच्या राज्याविषयी बोलत होता. मी त्याच्या तोंडी वनस्पतीशास्त्राचं प्रमाणपत्र घातलं, जे त्यानं कधी दिलंच नव्हतं. आपल्यातले अनेक जण सांगड घालणं म्हणजे हेच समजतात: विषयाचं कापड एकीकडे, वचनाचा तुकडा दुसरीकडे, आणि तासाच्या शेवटी ठिगळ लावायचं. मुलांना ते लगेच कळतं. ख्रिस्ती मुलांनाही कळतं.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं पहिलं उत्तर हे: प्रत्येक धड्यासाठी वचन शोधणं सोडून द्या. तुमचा विषय त्याच्या स्वतःच्या नियमांनी, पूर्ण खरेपणानं शिकवा. विश्वास असेल तर तो त्या खरेपणात दिसतो.

हे गुळगुळीत वाटू नये म्हणून एक प्रॅक्टिकल सांगतो. एसवायला आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलचं गुणोत्तर शिकवायला आपण मणी वापरतो. दोन डबे, त्यात लाल-पांढरे मणी सारख्या संख्येनं, डोळे मिटून दोन्हींतून एकेक काढायचा, शंभर वेळा. निदान एक लाल असलेल्या जोड्या आणि दोन्ही पांढऱ्या असलेल्या जोड्या तीनास एक यायला हव्यात. एका बॅचमध्ये एका मुलीला ७१ आणि २९ आले. तिनं जर्नलमध्ये ७५ आणि २५ लिहिलं. शेजारच्या सगळ्यांच्या जर्नलमध्येही ७५-२५ च होतं, कारण मागच्या वर्षीचं जर्नल सगळ्यांकडे फिरलं होतं. मी तिच्या कच्च्या वहीत डोकावलो तर तिथं ७१ खोडलेलं दिसलं.

मी तिला रागावलो नाही. पूर्ण बॅचला बसवलं आणि फळ्यावर काय-स्क्वेअर काढला, म्हणजे आलेला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का ते तपासायचं गणित. अपेक्षेपेक्षा चारचा फरक, वर्ग सोळा, सोळा भागिले पंचाहत्तर, सोळा भागिले पंचवीस, बेरीज ०.८५. तक्त्यातली मर्यादा ३.८४, आपली बेरीज तिच्या खूप आत. म्हणजे तुझे ७१ मेंडेलच्या नियमाच्या विरोधात जात नाहीत, उलट त्यात नीट बसतात. तू खोडलेला आकडाच बरोबर होता. मग मेंडेलचे स्वतःचे आकडे लिहिले: ५४७४ गोल वाटाणे, १८५० सुरकुतलेले. गुणोत्तर २.९६ ला १. ब्रनो शहरातल्या मठातल्या त्या धर्मबंधूनं १८५६ ते १८६३ अशी वर्षं वाटाणे मोजण्यात घालवली, आणि जे मोजलं ते लिहिलं, तीन करून टाकलं नाही. पुढं १९३६ मध्ये रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञानं एकूण आकडे जरा जास्तच जुळतात अशी शंका काढली आणि तो वाद बरीच वर्षं चालला, हेही मी मुलांना सांगितलं. मेंडेल आपल्यातला म्हणून ते झाकायचं नाही.

त्या तासाला मी बायबलचं नावही घेतलं नाही. पण मला विचाराल तर माझ्या नोकरीतला तो सगळ्यात ख्रिस्ती तास होता. "खोटी साक्ष देऊ नकोस" ही आज्ञा कोर्टापुरती नाही, जर्नललाही आहे. पुढची सगळी वर्षं माझ्या प्रॅक्टिकलला नियम राहिला: आलेला आकडा लिहायचा, चुकलेलं प्रॅक्टिकल चुकलं असं लिहायचं, आणि त्याला गुण कापायचे नाहीत. शेवटचा भाग महत्त्वाचा. चुकलेल्या प्रॅक्टिकलचे गुण कापत राहिलो तर मुलांना खोटं लिहायला आपणच शिकवतो.

मुंबईला सेंट झेवियर्समध्ये गेलात तर ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या नमुन्यांचा संग्रह, जरूर बघा. एथेलबर्ट ब्लॅटर या स्विस जेझुइट (येशूसंघ या कॅथोलिक संघातल्या) वनस्पतीशास्त्रज्ञाचं नाव त्याला आहे. तिथंच शिकवणारे फादर सांतापाव (१९०३ ते १९७०) स्पेनहून आलेले जेझुइट. खंडाळ्याच्या वनस्पतींवरचं त्यांचं काम आजही आपल्याला लागतं. पुढं ते भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे प्रमुख झाले आणि १९६७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मी तिथं पहिल्यांदा गेलो तेव्हा उगाच काहीतरी धार्मिक खूण शोधत होतो. जुन्या तपकिरी शीटवर टाचलेली फांदी, कोपऱ्यात लेबल: नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, क्रमांक. वचन कुठंच नाही. पण ते लेबल इतकं नेमकं असतं की पन्नास वर्षांनी दुसरा माणूस त्यावर भरवसा ठेवून त्याच डोंगरावर जाऊ शकतो. त्या दिवसापासून मी माझ्या मुलांची लेबलं अधिक कडकपणे तपासायला लागलो.

आता उत्क्रांती.

मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना तोडून बोलू नका. त्यांच्या प्रश्नामागं भीती असते की पोरगी शिकली आणि हातची गेली. माझ्या आजीनं मला हाच प्रश्न विचारला होता. मी तिला सांगितलं, "आजी, देवानं कसं केलं ते मी शिकवतो, कुणी केलं ते तू मला शिकवलंस." तिचं समाधान झालं, माझं पूर्ण झालं नाही, कारण प्रश्न एवढ्या वाक्यात मावत नाही. पण उत्क्रांती शिकवायची ती पूर्ण शिकवा. "हा फक्त एक सिद्धांत आहे" असं पुटपुटून पान उलटू नका. सिद्धांत या शब्दाचा शास्त्रातला अर्थ तुम्ही जाणता. बायबलातल्या 'उत्पत्ती' पुस्तकाचे पहिले अध्याय कसे वाचायचे हा प्रश्न डार्विननं निर्माण केला असं अनेकांना वाटतं, पण पाचव्या शतकाच्या सुरुवातीलाच संत ऑगस्टिननं ख्रिस्ती लोकांना बजावलं होतं की निसर्गाविषयी जाणकारांसमोर पवित्र शास्त्राच्या नावानं अडाणीपणे बोलू नका, त्यानं पवित्र शास्त्राचीच नाचक्की होते. पोप दुसरे जॉन पॉल यांनीही १९९६ मध्ये उत्क्रांतीचा सिद्धांत हा नुसत्या गृहीतकापेक्षा अधिक आहे असं म्हटलं. आपल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत सृष्टीच्या निर्मितीचे सहा दिवस म्हणजे चोवीस तासांचेच सहा दिवस मानणारे पुष्कळ भाऊबहिणी आहेत. मी त्यांच्याशी सहमत नाही, पण त्यांच्याबरोबर प्रभुभोजनाला बसतो.

वर्गात मी एसा ग्रे याची गोष्ट आवर्जून सांगायचो. हार्वर्डचा वनस्पतीशास्त्रज्ञ, निष्ठावंत ख्रिस्ती. डार्विननं उत्क्रांतीवरचं पुस्तक छापण्याच्या दोन वर्षं आधी, १८५७ मध्ये, आपला विचार पत्रानं ज्याला उलगडून सांगितला तो हा ग्रे. १ जुलै १८५८ ला लंडनच्या लिनियन सोसायटीत त्या पत्राचा भाग वाचला गेला. पुढं अमेरिकेत डार्विनची बाजू लावून धरणारा मोठा आवाज ग्रेचाच होता. पण ही गोष्ट इथं थांबवली तर ती पुन्हा ठिगळच होते: बघा, शास्त्रज्ञही देव मानतात! म्हणून पुढचंही सांगायचं. मे १८६० मध्ये डार्विननं याच ग्रेला लिहिलं की जिवंत अळीचं शरीर आतून खात वाढणारी गांधीलमाशी दयाळू आणि सर्वशक्तिमान देवानं मुद्दाम निर्माण केली असेल, हे माझ्या मनाला पटत नाही.

एकदा हे सांगितलं तेव्हा उसाच्या पट्ट्यातला एक मुलगा म्हणाला, "सर, आमच्या उसात आम्ही ट्रायकोकार्ड लावतो, त्यातल्या माशा खोडकिडीच्या अंड्यांतच अंडी घालतात. त्यांच्यामुळं आमचा ऊस वाचतो." वर्ग हसला, मीही हसलो. मग मागच्या बाकावरची एक ख्रिस्ती मुलगी म्हणाली, "पण सर, त्या अळीचं काय?" मी तिला उत्तर दिलं नाही, कारण माझ्याकडं नव्हतं. मी तेवढंच सांगितलं की हा प्रश्न खरा आहे आणि मी तो अनेक वर्षं प्रार्थनेत घेऊन बसतो. क्रुसावर मरणारा देव मी मानतो, म्हणून दुःख हे बाहेरून बघायचं कोडं आहे असं मी मानू शकत नाही. पण तेवढ्यानं अळीचा प्रश्न सुटतो असंही मी म्हणणार नाही. ताई, विद्यार्थ्याला तुमच्या विश्वासाविषयी आदर वाटेल तो अशा क्षणी. सगळ्याची उत्तरं तयार असलेल्या शिक्षकाजवळ प्रश्न घेऊन कुणी येत नाही.

एक गोष्ट मला फार उशिरा उमगली आणि तुम्हाला लवकर उमगावी असं वाटतं. आपली खरी अडचण विज्ञानाची नसते. आपण विषयात पीएच.डी. पर्यंत जातो, आणि बायबलचा अभ्यास मात्र दृढीकरणाच्या, म्हणजे कन्फर्मेशनच्या वर्गात, चौदाव्या-पंधराव्या वर्षी, थांबलेला असतो. मग एका हाताला प्रौढ विषय आणि दुसऱ्या हाताला संडे स्कूलमधला विश्वास, अशी जोडी जमत नाही. कुणी विश्वास सोडतो, कुणी विषय पातळ करतो. पंडिता रमाबाई आठवा. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी जिला पंडिता आणि सरस्वती म्हणून गौरवलं, जिनं इंग्लंडमध्ये चेल्टनहॅमला संस्कृत शिकवलं, तिनं बाप्तिस्मा घेतल्यावरही मिशनऱ्यांच्या प्रत्येक शब्दाला मान डोलावली नाही. समजेल तेवढंच स्वीकारीन, असा तिचा हट्ट पत्रापत्रांत दिसतो. आणि मराठी बायबल साध्या बायाबापड्यांना कळत नाही असं वाटलं तेव्हा तिनं हिब्रू आणि ग्रीक शिकून स्वतः भाषांतर करायला घेतलं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मुलींनी छपाईचे खिळे जुळवून ते छापलं. १९२२ मध्ये ती गेली, संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. भक्ती आणि विद्या तिच्यात वेगळी काढताच येत नाही.

तुम्ही हिब्रू शिका असं मी म्हणत नाही. पण थोडं मुळाकडं जा. पूर्ण अंतःकरणानं, पूर्ण जिवानं देवावर प्रीती कर ही आज्ञा 'अनुवाद' पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहे, तिथं तिसरा शब्द शक्तीचा आहे. मत्तयच्या बाविसाव्या अध्यायात येशू ती सांगतो तेव्हा तिसऱ्या जागी ग्रीक शब्द येतो 'दियानोइया'. विचारशक्ती, आकलन. मराठीत 'मन' म्हटलं की आपण भावनेकडं वळतो आणि हा शब्द हातून निसटतो. सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइड नीट लावून जे आहे ते बघणं ही त्या आज्ञेतली तिसरी प्रीती आहे, असं मी मानतो, आणि हे मानायला लागल्यापासून प्रयोगशाळेत शिरताना माझं मन बदललं.

सहकारी म्हणतात धर्म घरी ठेवा, त्यात एक भाग रास्त आहे, तो ऐका. विल्सन असो, झेवियर्स असो, अहमदनगर कॉलेज असो, आपल्या महाविद्यालयांत बहुसंख्य मुलं ख्रिस्ती नाहीत. संविधानाच्या कलम ३० नं आपल्याला संस्था चालवायचा हक्क दिला, आणि कलम २८ च्या तिसऱ्या खंडानं मुलांना हा हक्क दिला की अनुदानित किंवा मान्यताप्राप्त संस्थेत धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला त्यांच्या संमतीशिवाय बसवता येणार नाही. दोन्ही कलमं मला सारखीच प्रिय आहेत. शिवाय अंतर्गत गुण तुमच्या हातात असतात. ज्याच्या हातात गुण असतात त्यानं विश्वासाविषयी विचारलं तर समोरचं मूल मोकळं नसतं. ते होकार देईल, आणि त्या होकाराला काही किंमत नसेल. म्हणून वर्गात मी स्वतःहून माझ्या विश्वासाची साक्ष देत नसे. कुणी विचारलं तर लपवतही नसे. निकाल लागल्यावर, कधी पास होऊन गेल्यावर, चहाच्या टपरीवर फार चांगले संवाद झाले. काही मुसलमान, काही बौद्ध, काही काहीच न मानणारी मुलं आजही फोन करतात.

नव्या शैक्षणिक धोरणातले मूल्यशिक्षणाचे क्रेडिट तुमच्याकडं आले तर ते नाकारू नका, पण त्यात सुविचार वाटू नका. आपल्याच शाखेतला एखादा खरा पेच घ्या. बियाण्यावर हक्क कुणाचा? गावानं शेकडो वर्षं जपलेल्या औषधी वनस्पतीवर शोधनिबंध लिहिताना गावाचं नाव कुठं येतं? मुलं तावातावानं बोलतात.

असाच एक पेच मला स्वतःला पडला होता. भोरच्या बाजूला एका देवराईत आम्ही मुलांना घेऊन गेलो. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हापासून वनस्पतीशास्त्राची मंडळी तिथं जातात. एक वेल मला नमुन्यासाठी हवी होती. गुरवमामा म्हणाले, "साहेब, इथलं पानसुद्धा तोडायचं नाही." माझ्याबरोबरच्या एका ख्रिस्ती विद्यार्थ्यानं हळूच विचारलं, "सर, आपण तर हा देव मानत नाही, मग?" मी पायातल्या चपला काढल्या, फोटो घेतले, आणि आम्ही रिकाम्या हातानं परतलो. रात्री त्याला उत्पत्तीचा दुसरा अध्याय दाखवला. माणसाला बागेत ठेवलं ते कशासाठी? तिथं दोन हिब्रू क्रियापदं आहेत, एकाचा अर्थ सेवा करणं, दुसऱ्याचा राखण करणं. जे आपल्याला सांगितलं होतं ते त्या गुरवांच्या घराण्यानं केलं होतं, आपण नव्हतं केलं. तो बराच वेळ बोलला नाही. त्या वेलीचं शीट आमच्या हर्बेरियमला पुढं राईच्या हद्दीबाहेर, ओढ्याच्या काठी सापडलेल्या फांदीचं लागलं, चार वर्षांनी.

तुम्ही विचारलंत, नेमकं काय करू. सोबत शोधा. इतिहासाचा एक, वाणिज्यचा एक, भाषेचा एक, असे तीन-चार जण महिन्यातून एकदा बसा. आपला विषय माणसाविषयी काय गृहीत धरून चालतो, यावर बोला. अर्थशास्त्रवाल्याचं गृहीत तुमच्यापेक्षा वेगळं असेल आणि त्यातून तुम्हाला तुमचं दिसेल. आमच्या गटात एक हिंदू सहकारीही येत, आणि सगळ्यात अवघड प्रश्न तेच विचारत.

आणि बियांच्या धड्याला पहिलं प्रॅक्टिकल टेट्राझोलियमचं लावा. गहू रात्रभर भिजत घाला, निम्मा गहू उकळून घ्या. सकाळी दोन्हींचे दाणे ब्लेडनं उभे चिरा, गर्भ मधोमध कापला गेला पाहिजे. टेट्राझोलियम क्लोराइडचं एक टक्का द्रावण ताजं करा, बाटलीला काळा कागद गुंडाळा, कारण उजेडानं ते बिघडतं. दोन पेट्री डिश, एकीत कच्चे दाणे, दुसरीत उकळलेले, आणि अंधाऱ्या कपाटात काही तास. उकळलेले पांढरेच राहतात. कच्च्या दाण्यांचा गर्भ लाल होतो, कारण तिथं श्वसन चालू आहे. पेरलेला दाणा मरत नाही, हे मुलं डोळ्यांनी बघतील. कुणीतरी नक्की विचारेल, "मॅडम, पण योहानाच्या शुभवर्तमानात तर दाणा मेला पाहिजे असं आहे." माझ्या वर्गात ते विचारायला अकरा वर्षं लागली, आणि विचारलं एका मारवाडी मुलीनं, जी मिशनच्या शाळेत शिकली होती. तोपर्यंत मी हजेरीपट उचलून निघायचं सोडलं होतं. आम्ही दोघं डिश हातात घेऊन सुट्टी संपेपर्यंत खिडकीशी उभे राहिलो.